रानभाज्या : नाव, अंग, काल आणि संस्कार

मृगाचा पाऊस स्थिरावला की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या आठवडी बाजारांत आणि आता मोठ्या शहरांच्या मंडयांतही रानभाज्यांच्या जुड्या दिसू लागतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळे, भारंगी, कवळा, दिंडा, करटोली, घोळ, बांबूचे कोंब अशी ही यादी मोठी आहे. कृषी विभागाच्या वतीने ठिकठिकाणी भरणारे रानभाजी महोत्सव आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यांमुळे, ज्यांच्या घरी या भाज्या कधी शिजल्या नाहीत अशी कुटुंबेही त्या आवडीने विकत घेऊ लागली आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु त्याबरोबर एक नवी जबाबदारी आपल्या व्यवसायावर येऊन पडली आहे. रुग्ण आपणांस विचारतो, ‘अमुक रानभाजी मधुमेहावर चांगली म्हणतात, घेऊ का?’ औषधी विक्रेत्याकडे गिऱ्हाईक येऊन तिचे चूर्ण मागते. अशा वेळी ‘हो, चांगली आहे, घ्या’ एवढे उत्तर पुरेसे आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : रानभाजीचे केवळ नाव सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. ती नेमकी कोणती वनस्पती, तिचे कोणते अंग, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या संस्काराने सिद्ध करून खावयाचे, या चार गोष्टी सांगितल्याखेरीज पथ्याचा उपदेश पूर्ण होत नाही. यांपैकी एक गोष्ट सुटली तरी पथ्याचे अपथ्य, आणि क्वचित विषही, होऊ शकते.

ग्रंथोक्त विचार

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांतील ‘करण’ म्हणजे संस्कार. द्रव्याच्या स्वाभाविक गुणांत पालट घडवून आणणे अशी त्याची व्याख्या तेथेच दिलेली असून जल, अग्नी, शौच, मंथन, काल, भाजन इत्यादी त्याची साधने सांगितली आहेत. आपण ही आठ आयतने परीक्षेसाठी पाठ करतो. परंतु जव्हार-मोखाड्याच्या किंवा कर्जत-मुरबाडच्या पाड्यावर भारंगीचा पाला उकडून, वेळून, पिळून घेणारी वारली, ठाकर वा कातकरी भगिनी हा सिद्धान्त दर पावसाळ्यात आचरणात आणीत असते.

चरकसूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील शाकवर्ग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. गुरू, रूक्ष व प्रायः विष्टंभ करणाऱ्या अनेक पालेभाज्यांची गणना करून आचार्य म्हणतात की, त्या वाफवून, त्यांचा रस पिळून टाकून आणि भरपूर स्नेह घालून खाल्ल्या असता हितकर ठरतात. त्याच अध्यायात वर्ज्य शाकाचीही लक्षणे दिली आहेत. किडींनी, वाऱ्याने वा उन्हाने बिघडलेले, वाळलेले, जून झालेले, ऋतूबाहेरचे, स्नेहाशिवाय शिजविलेले आणि पाणी न निथळलेले शाक टाळावे असे त्यांचे सांगणे आहे. वाळविलेल्या मुळ्यासारखे अपवाद आहेत. पण नियम स्पष्ट आहे. आज बाजारात येणारे कच्च्या पालेभाजीचे चूर्ण आणि सकाळी अनशापोटी घेण्यासाठी सांगितला जाणारा तिचा कच्चा रस हे दोन्ही प्रकार या नियमाच्या नेमके विरुद्ध आहेत. चूर्ण हे वाळविलेले, स्नेहरहित आणि न निथळलेले असते. रसामध्ये तर जे पिळून टाकावयाचे तेच नेमके प्यावयास दिले जाते.

येथे एक शंका संभवते. वर्षाऋतूत जाठराग्नी मंद व वात प्रकुपित असतो. श्रावणात शाक वर्ज्य करण्याचा चातुर्मासातील नियमही आपल्या समाजात परंपरेने पाळला जातो. मग याच काळात रानभाज्या खाणे कितपत योग्य? याचे उत्तर राशी व संयोग या दोन आयतनांत आहे. डोंगरातील लोक ही भाजी पोटभर खात नाहीत. नाचणीच्या वा तांदळाच्या भाकरीबरोबर ती तोंडी लावण्यापुरती असते. फोडणीत लसूण, हिंग, मिरची आणि तेल असते. भाजी निथळलेली आणि ऊनऊन असते. अग्नीचा विचार तेथे मुळातच केलेला आहे. तीच भाजी शहरात ‘आरोग्यदायी’ म्हणून वाडगाभर, अल्पस्नेहात आणि अर्धकच्ची खाल्ली जाते तेव्हा आध्मान, अतिसार व उदरशूल या तक्रारी घेऊन रुग्ण आपल्याकडे येतो यात नवल नाही.

संस्काराच्या तीन पायऱ्या

‘पाणी टाकून दिले तर जीवनसत्त्वे वाया जातात’ असा आक्षेप आहारतज्ज्ञांकडून वारंवार ऐकू येतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु सर्व भाज्यांना सरसकट लागूही नाही. व्यवहारासाठी आम्ही रानभाज्यांचे तीन गट करतो.

पहिला गट साध्या पाकाने सिद्ध होणाऱ्या भाज्यांचा. कवळा, कोवळा कुर्डू, फोडशीची कोवळी पाने, करटोलीची फळे या त्यांत येतात. त्या स्वच्छ धुऊन, चिरून, मूगडाळ वा हरभराडाळ घालून नेहमीप्रमाणे फोडणीस टाकाव्यात. येथे पाणी टाकण्याचे कारण नाही.

दुसरा गट उकडून वेळून घ्यावयाच्या भाज्यांचा. भारंगीची कडवट पाने, थोडासा जून झालेला टाकळा आणि ज्यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक आहे अशी घोळ व तांदुळजा यांचा समावेश आम्ही यात करतो. ऑक्झॅलेटचा विद्राव्य भाग उकळत्या पाण्यात उतरतो व ते पाणी टाकल्याने कमी होतो. अश्मरीचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णाला घोळीची भाजी खावयाचीच असेल तर ती वेळून, थोडी आणि ताकाची वा दह्याची जोड देऊन खावी. दुग्धजन्य पदार्थांतील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधते व त्याचे शोषण कमी होते. घोळीची ताकातील भाजी करण्याची आपल्याकडील जुनी पद्धत या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

तिसरा गट विशेष संस्काराशिवाय अभक्ष्य असलेल्या द्रव्यांचा आहे. शेवळे हे त्याचे ठळक उदाहरण. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीचा पहिल्या पावसात जमिनीतून वर येणारा फुलोरा आपण भाजीसाठी वापरतो. त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिव्हा, ओष्ठ व कंठ यांत रुततात आणि तीव्र कंडू, दाह व शोथ उत्पन्न करतात. म्हणून ठाणे, रायगड व पालघरकडील गृहिणी आतील दांड्याचा दाणेदार भाग काढून टाकतात, शेवळे चिरून चांगले परतून शिजवितात आणि त्यात काकडे घालतात. काकड या वृक्षाची ही आंबट फळे शेवळांबरोबरच बाजारात येतात व विक्रेती बहुधा दोन्ही एकत्रच देते. काकडे न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल वापरतात. शेवळे घेऊन काकडे न घेणारे गिऱ्हाईक ही कृती जाणत नाही, असे विक्रेतीने ओळखावे इतका या दोहोंचा संयोग पक्का आहे.

बांबूच्या कोंबाचेही असेच आहे. विदर्भात त्यास वास्ते म्हणतात. कच्च्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. हे द्रव्य उष्णतेने नष्ट होणारे असल्याने कोंब बारीक चिरून, पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, पुन्हा भरपूर पाण्यात उघड्या भांड्यात उकळून व तेही पाणी टाकून मगच शिजवितात. सुश्रुताचार्यांनी वेणुकरीर विदाही व वातकर सांगितला आहे. संस्कारानंतरही तो मंदाग्नीच्या रुग्णास देऊ नये असा त्याचा व्यवहार्य अर्थ आम्ही घेतो.

कडूकंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रानकंदांत तर संस्कार हाच जीवन-मरणाचा प्रश्न होतो. डायोस्कोरिया हिस्पिडा या जातीत डायोस्कोरिन नावाचे आक्षेपजनक अल्कलॉइड असते. आदिवासी बांधव कंदाचे पातळ काप करून त्यांस राख लावतात, उकडतात आणि टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवतात. कडवटपणा पूर्ण गेल्यावरच ते खातात. क्षार, अग्नी, जल आणि काल असे चार संस्कार येथे क्रमाने घडतात. यांतील एखादा घाईने वगळला तर वमन, भ्रम आणि आक्षेप होऊ शकतात.

संस्काराची मर्यादा

येथवरचे विवेचन वाचून ‘नीट शिजविले की सर्व काही चालते’ असा समज होण्याचा संभव आहे. तो अत्यंत घातक आहे. काही विषे अग्निसंस्काराने जात नाहीत. म्हणून आठ आयतनांत ‘करण’ दुसरे आहे आणि ‘प्रकृती’, म्हणजे द्रव्याचा मूळ स्वभाव, पहिली आहे. द्रव्याची ओळखच चुकली तर पुढील सर्व संस्कार निरुपयोगी ठरतात.

कळलावी हे एक उदाहरण. लाल-पिवळ्या ज्वालेसारख्या फुलांमुळे ती श्रावण-भाद्रपदात सहज ओळखू येते. परंतु फुले येण्यापूर्वी किंवा वेल वाळल्यावर केवळ कंद हाती आला तर तो खाण्याजोगा रानकंद समजला जाण्याचा धोका असतो. तिच्यातील कोल्चिसिन शिजविल्याने नष्ट होत नाही. काही तासांत तीव्र वमन व अतिसार सुरू होतात आणि पुढे अनेक अवयवांवर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. लांगली औषधी व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या परिशिष्ट ई(१) मध्ये विषारी द्रव्य म्हणून अंतर्भूत आहे, हे आपण सर्वजण जाणतोच.

टाकळा आणि कासविंदा ही जोडी तर आपल्या अंगणातील आहे. चक्रमर्द म्हणजे टाकळा आणि कासमर्द म्हणजे कासविंदा. दोन्ही एकाच कुळातील, पडीक जागी शेजारी शेजारी उगवणारी, पिवळ्या फुलांची झुडपे आहेत. टाकळ्याच्या पानास बहुधा तीन जोड्या पर्णिका असतात व त्यांची टोके गोलसर असतात. शेंग लांब, बारीक व वाकडी असते. कासविंद्याच्या पर्णिका चार-पाच जोड्यांत, टोकदार असतात. पान चुरगळले की उग्र वास येतो आणि शेंग चपटी, फिकट कडांची असते. भावप्रकाशाने कासमर्दाच्या दलाचे, म्हणजे पानाचे, गुण गायिले आहेत, बीजाचे नव्हेत, हे येथे ध्यानी घ्यावे. पश्चिम उत्तर प्रदेशात दर वर्षी पावसाळ्यानंतर लहान मुलांना एक घातक आजार होत असे. ज्वरापेक्षा यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर त्याचा आघात मोठा असे. अनेक वर्षे त्यास मेंदूज्वर समजले गेले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खेळताना खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगा व बिया हे त्याचे संभाव्य कारण म्हणून पुढे आले. 2016 साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यातील बालमृत्यूंच्या संदर्भातही तज्ज्ञांनी याच वनस्पतीकडे बोट दाखविले. औषधी म्हणून ग्रंथांत मान असलेल्या वनस्पतीचेच दुसरे अंग बालकाच्या जीवावर बेतते. अंगनिर्देशाचे महत्त्व यापेक्षा अधिक स्पष्ट करण्याची आवश्यकता नाही.

तिसरी जोडी पुनर्नवेची. बोऱ्हाविया डिफ्यूजा ही रक्तपुनर्नवा आणि ट्रायन्थेमा पोर्टुलाकॅस्ट्रम ही मांसल पानांची वनस्पती या दोहोंना अनेक ठिकाणी एकाच नावाने ओळखतात. ‘वसू’ किंवा ‘पुनर्नवा’ म्हणून दोन्हींची भाजी विकली जाते. पहिलीची फळे चिकट असून कपड्यास लागतात आणि मूळ जाड असते. दुसरीचे फळ पानाच्या बुडाशी असलेल्या आवरणात दडलेले असते व तिच्यात ऑक्झॅलेट विपुल असते. वृक्कविकाराच्या रुग्णास शोथघ्न म्हणून पुनर्नवेची भाजी सांगितली आणि त्याने दुसरीच आणून रोज खाल्ली, तर हेतूच्या नेमके उलट फळ मिळते.

छत्राक : स्वतंत्र सावधगिरी

अळंबीच्या बाबतीत ही सावधगिरी शतगुणित व्हावयास हवी. चरकाचार्यांनी छत्राकांच्या अनेक जाती मधुर, शीत, गुरू व पीनसकर सांगताना सर्पच्छत्रकास स्पष्टपणे वगळले आहे. सुश्रुताचार्यांनी उद्भिद शाकांचे गवताच्या पेंढ्यावर, उसाच्या चोयट्यांवर, शेणावर, बांबूवर आणि भूमीवर उगवणारी असे अधिष्ठानानुसार वर्गीकरण केले आहे. अधिष्ठान पाहून ओळखण्याची ही दृष्टी आजही उपयोगी आहे; पण एकटी पुरेशी नाही.

आपल्याकडे सर्वाधिक आवडीने खाल्ली जाणारी रानअळंबी वारुळावर उगवते. टर्मिटोमायसिस या गणातील ही छत्राके वाळवीच्या सहवासातच वाढतात. गोव्यात वारुळास रोयण म्हणतात व त्यावरून त्यांस रोयणीची अळमी हे नाव आहे. विदर्भात त्यांस सात्या म्हणतात. त्यांचा देठ खाली जमिनीत लांब मुळासारखा जाऊन वाळवीच्या घरट्यापर्यंत पोहोचतो. छत्रीच्या मध्यभागी बहुधा टोकदार उंचवटा असतो व बीजाणूंचा ठसा गुलाबीसर पडतो. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा जाणणाऱ्या माणसाकडूनच ती घ्यावी.

याउलट पाऊस पडल्यावर बंगल्यांच्या हिरवळीवर उगवणारी मोठी, पांढरी, खवलेदार छत्राके पाहून पुष्कळांना मोह होतो. त्यांतील क्लोरोफायलम ही हिरवट बीजाणूंची जात तीव्र वमन व अतिसार घडविते. सर्वांत भयंकर गण अमॅनिटाचा. पांढऱ्या पडद्या, देठावर वलय आणि देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण ही त्यातील घातक जातींची सामान्य लक्षणे आहेत. परंतु देठ वरच्या वर तोडला तर बुडाची पिशवी जमिनीतच राहते व ओळखीची मुख्य खूण नाहीशी होते. पेंढ्यावर वाढणाऱ्या खाद्य छत्राकासही बुडाशी अशीच पिशवी असते. त्यामुळे एकाच खुणेवर विसंबणे धोक्याचे ठरते. चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण वा तांदूळ रंग बदलणे, किडे-गोगलगाईंनी खाल्लेले दिसणे, चव चांगली लागणे यांपैकी कोणतीही लोकप्रचलित कसोटी विश्वसनीय नाही. एप्रिल 2022 मध्ये आसामात विषारी छत्राके खाल्ल्याने तेरा जणांचे प्राण गेले. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबांचा मोठा भाग होता. ही माणसे रानाला परकी नव्हती, हे विसरता कामा नये.

अमॅनिटातील अमॅटॉक्सिन हे विष उकळण्याने, तळण्याने वा वाळविण्याने नष्ट होत नाही. त्याचा कालक्रम प्रत्येक वैद्याने मुखोद्गत ठेवावा. भोजनानंतर सहा ते चोवीस तासांपर्यंत कोणतेही लक्षण नसते. नंतर वमन, उदरशूल व पाण्यासारखा अतिसार सुरू होतो. त्यानंतर सुमारे दिवसभर रुग्णास बरे वाटते. हीच फसवी अवस्था होय, कारण याच वेळी यकृताचा नाश चालू असतो. पुढे कामला, रक्तस्राव आणि संज्ञानाश होतो. म्हणून प्रश्न एकच विचारावा : खाल्ल्यानंतर किती वेळाने पहिली उलटी झाली? एक-दोन तासांत झाली असेल तर बहुधा क्षोभक छत्राक असते, जरी मिश्र जाती खाल्ल्या असल्यास हा नियम फसू शकतो. सहा तासांनंतर झाली असेल तर, रुग्ण कितीही बरा दिसो, त्यास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. ग्रहणी वा अजीर्ण समजून कुटजारिष्ट वा संजीवनी देत एक दिवस घालविणे म्हणजे उपचाराचा एकमेव काळ गमाविणे होय. अशा रुग्णांत शिरेतून दिले जाणारे सिलिबिनिन वापरले जाते हे खरे. तथापि दुकानातील सिलिमॅरिनची कॅप्सूल हा त्यास पर्याय नव्हे. उरलेली भाजी, न शिजविलेले छत्राक अथवा देठांचे तुकडे कागदी पिशवीत घालून रुग्णाबरोबर पाठवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ते कुजतात.

कच्चा रस आणि चूर्ण

रानभाज्यांच्या चर्चेत रसाचा मुद्दा आम्ही पुन्हा आणतो, कारण आपले रुग्ण आज तेथेच अधिक फसत आहेत. कडू दुध्याचा रस पिऊन झालेल्या विषबाधांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने 2012 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कडू लागलेला रस पिऊ नये आणि अस्वस्थता वाटल्यास त्वरित रुग्णालयात जावे असा त्यांचा आशय होता. केरळात बिंबलाच्या फळांचा घट्ट रस प्याल्याने तीव्र वृक्काघात झालेल्या दहा रुग्णांचा अहवाल 2013 साली प्रसिद्ध झाला. माशाच्या कालवणात दोन-चार बिंबले घालणाऱ्या घरांत असे काही घडत नाही. द्रव्य तेच राहून राशी आणि संस्कार बदलले की काय होते, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

चूर्णाच्या बाबतीत वाराहीकंदाचे उदाहरण औषधी विक्रेत्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. डायोस्कोरिया बल्बिफेरा हा कंद वाराही म्हणून बाजारात येतो. त्यात डायोस्बल्बिन नामक यकृतविषारी द्रव्ये आढळतात. चीनमध्ये हाच कंद औषधात वापरला जातो व तेथे यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रानात हाच कंद राखेने व पाण्याने कडूपणा काढल्यावाचून कोणी खात नाही. तो कच्चा वाळवून, दळून, ‘बलवर्धक’ म्हणून डबीत भरला की त्याचा संस्कार नाहीसा होतो. विष मात्र राहते.

व्यवहारासाठी काही सूचना

वैद्यांसाठी आणि औषधी विक्रेत्यांसाठी उपयोगी पडतील अशा काही सूचना येथे एकत्र देतो.

1. रुग्णास रानभाजी सांगताना स्थानिक नावाबरोबर वनस्पतीशास्त्रीय नाव, अंग आणि पाककृती लिहून द्यावी. ‘टाकळा’ असे न लिहिता ‘टाकळ्याची फुलापूर्वीची कोवळी पाने, शिजवून, तेल-लसणाच्या फोडणीसह, आठवड्यातून एकदा’ असे लिहावे.

2. प्रथमच खाल्ली जाणारी भाजी अल्प प्रमाणात, दिवसा आणि इतर नवीन पदार्थांशिवाय खावयास सांगावी.

3. अश्मरी, वृक्कविकार, गर्भिणी, लहान बालके व यकृतविकार यांत स्वतंत्र विचार करावा. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाने पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यांतील के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो.

4. शेताच्या बांधावरील, महामार्गाकडेच्या व सांडपाण्याच्या नाल्याकाठच्या भाज्या टाळावयास सांगाव्यात. बांधांवर तणनाशके फवारण्याची पद्धत वाढली आहे आणि टाकळा, कुर्डू, माठ ही त्या दृष्टीने तणेच होत.

5. रानातील छत्राके ओळखीच्या व अनुभवी संग्राहकाखेरीज कोणाकडूनही घेऊ नयेत. ज्यास छत्राक खावयाचेच आहे त्याने लागवडीची धिंगरी घ्यावी.

6. विक्रेत्यांनी न निवडलेले, मिश्र पाल्याचे चूर्ण स्वीकारू नये. कासविंद्याच्या बिया व वाराहीकंद सल्ल्याविना विकू नयेत. आहार म्हणून विकावयाच्या आयुर्वेदीय पदार्थांस 2022 च्या आयुर्वेद आहार नियमावलीची चौकट आहे. औषध आणि अन्न यांच्या मधल्या पळवाटेत माल ठेवणे व्यवसायाच्याही हिताचे नाही.

7. शेवळे, फोडशी व कंद विकत घेताना कंद राखून खुडणाऱ्या संग्राहकास प्राधान्य द्यावे. समूळ उपटलेली फोडशी पुढील वर्षी उगवत नाही.

समारोप

रानभाज्यांचे ज्ञान ग्रंथांत आहे. पण त्याचा मोठा भाग ग्रंथांबाहेर, डोंगरातील स्त्रियांच्या हातांत आहे. कोणती पाने खुडावयाची, देठ कोठून मोडावयाचा, पाणी किती वेळा टाकावयाचे, काकडे किती घालावयाची हे त्या सांगू शकतात. आपल्या शास्त्राच्या परिभाषेत तोच संस्कार, तीच राशी व तोच काल होय. बाजारात भाजी घेताना गिऱ्हाईकाने विक्रेतीस ‘ही कशी करतात?’ असे विचारावे, एवढे जरी आपण प्रत्येक रुग्णास शिकविले तरी पुष्कळ अनर्थ टळतील. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी येत्या पावसाळ्यात स्थानिक संग्राहक भगिनी, वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आणि वैद्य यांस एकत्र आणून आपापल्या भागातील दहा भाज्यांची नाव, अंग, काल व संस्कार अशा चार रकान्यांची तक्ते तयार करावीत, अशी आमची विनंती आहे. असा एक तक्ता चिकित्सालयाच्या व दुकानाच्या भिंतीवर लागला तर तो अनेक व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.